मोठ्या फिश टँकसाठी पंप निवडताना: खान्देशातल्या घरासाठी पाण्याच्या प्रवाहाचा हिशेब

पंपाच्या खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा पाहून पंप घेतला, तर टाकीत प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच पाणी फिरत असल्याचे आढळण्याची शक्यता मोठी असते. तो आकडा खोटा नसतो. पाणी वर चढवायचे नाही, पुढे नळी नाही, एल्बो नाही, स्पंज नाही, अशा मोकळ्या अवस्थेत पंप जेवढे पाणी फेकतो तेवढा तो आकडा असतो, आणि आपल्या घरात पंप त्या अवस्थेत कधीच चालणार नसतो. म्हणून हिशेब टाकीपासून सुरू करावा आणि पंपापर्यंत सर्वांत शेवटी यावे. टाकीत खरे पाणी किती आहे, त्यातल्या माशांना ताशी किती फेरे लागतात, ते पाणी किती उंच आणि कोणत्या नळीतून चढणार आहे, ही तीन उत्तरे हातात आल्यावरच दुकानात जावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत या हिशेबाला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात: एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळा आणि अधूनमधून जाणारी किंवा दबलेली वीज. या दोन गोष्टी मला पंपाच्या ताकदीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण आपल्याकडे मोठ्या टाकीतले मासे दगावतात ते बहुतेक वेळा याच दोन कारणांनी.

पुढच्या सर्व हिशेबासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी धरली आहे, कारण मोठी टाकी करून घेणारे बरेच जण याच मापाशी येऊन थांबतात.

टाकीत पाणी खरोखर किती

बाहेरून मोजलेली १८३, ६१ आणि ६१ सेंटिमीटर ही मापे एकमेकांशी गुणून १००० ने भागली की ६८१ लिटर हा आकडा येतो, आणि टाकी करून देणारा साधारण तोच सांगतो. पण १२ मिलिमीटर जाडीची काच वजा केली आणि पाणी काठापासून पाच सेंटिमीटर खाली ठेवले, की आत ५८० लिटरच राहतात. त्यात पाच सेंटिमीटर रेतीचा थर आणि काही दगड-लाकडे घातली की हा आकडा ५४० च्या आसपास येतो. टाकीखालच्या कपाटात फिल्टरची दुसरी टाकी, म्हणजे सम्प, असेल तर पंप चालू असताना त्यात राहणारे साठेक लिटर मिळवावेत. अशा रीतीने फिरवायचे पाणी ६०० लिटर धरता येते. औषधाची मात्रा काढतानाही हाच आकडा वापरावा. ६८१ लिटर धरून घातलेले औषध आठव्या हिश्शाने जास्त पडते.

ताशी किती फेरे

गोड्या पाण्याच्या टाकीतले सर्व पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, हा सर्वसाधारण आणि बऱ्यापैकी सुरक्षित नियम आहे. ६०० लिटरला तो २४०० ते ३६०० लिटर होतो. नेमके कोठे थांबायचे हे मासे ठरवतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट किंवा कोई यांसारखे भरपूर खाणारे आणि तेवढीच घाण करणारे मासे असतील तर सहा ते आठ फेरे योग्य ठरतात. एंजल आणि डिस्कस हे उंच, चपट्या अंगाचे मासे संथ पाण्यातले असल्याने त्यांना चार फेरे पुरतात, आणि तेही पाणी एका धारेने न सोडता पसरवून सोडावे लागते. गोल्डफिशची अडचण दुहेरी असते: घाण भरपूर, म्हणून फेरे जास्त हवेत, पण गोल पोटाच्या आणि लांब शेपटीच्या जातींना जोराच्या प्रवाहात पोहता येत नाही. तेथे फेरे वाढवून रिटर्नच्या, म्हणजे पाणी टाकीत परत सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाला छिद्रांची आडवी नळी, म्हणजे स्प्रे बार, लावणे हाच मार्ग राहतो. उलट केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्या-नद्यांतून येणारा डेनिसन बार्ब हा मासा जोराच्या पाण्यातच खुलतो. त्याचा थवा प्रवाहाच्या तोंडाशी रांगेत उभा राहून पोहताना पाहिला की प्रवाह म्हणजे माशासाठी काय असतो ते कळते.

येथे दोन कामे वेगळी करून पाहावीत. पाणी फिल्टरमधून नेणे हे एक काम, आणि टाकीतल्या टाकीत पाणी हलते ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामात पंपाला उंची चढावी लागते, म्हणून ते वीज खाते. दुसऱ्या कामात उंची नसते. काचेला आतून लावलेला आठ-दहा वॅटचा वेव्ह मेकर ताशी तीन-चार हजार लिटर पाणी सहज हलवतो. सहा फुटांच्या टाकीत एका टोकाला पाणी पडत असेल तर दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात घाण साचतेच. तिच्यासाठी रिटर्न पंप दुप्पट ताकदीचा घेणे हा महागडा उपाय आहे; छोटा वेव्ह मेकर त्या कोपऱ्याकडे वळवणे हा स्वस्त आणि योग्य उपाय आहे. झाडांच्या टाकीतही फिल्टरचे पाच आणि वेव्ह मेकरचे पाच असे मिळून दहा फेरे ठेवता येतात. मात्र कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर पृष्ठभाग फार खळबळू देऊ नये, नाहीतर सोडलेला वायू हवेत निघून जातो.

पाणी फिल्टरमधून फार वेगाने गेले तर फिल्टरमधल्या जिवाणूंना माशांच्या घाणीतला अमोनिया खायला वेळ मिळत नाही, असे अनेकदा सांगितले जाते. एका फेरीत कमी अमोनिया निघतो हे खरे, पण फेऱ्या वाढल्याने एकूण काम भरून निघते. फाजील प्रवाहाचे खरे तोटे वेगळे आहेत. सम्पमधल्या कापसाच्या थराला बगल देऊन पाणी वरून वाहू लागते, पाण्यात बारीक बुडबुडे मिसळतात, उतरत्या पाण्याचा आवाज रात्रभर घरात घुमतो आणि मासे थकतात. दगडाआड एकाच जागी दबून बसलेला, पर अंगाशी मिटून धरलेला मासा दिसला तर प्रवाह जास्त झाला आहे असे समजावे. पृष्ठभागावर तेलकट साय धरणे आणि खाद्याचे कण एकाच जागी कुजणे ही कमी प्रवाहाची खूण आहे.

उंची, नळी आणि खोक्यावरचे दोन आकडे

यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीबागायतदाराला हा भाग समजावून सांगावा लागत नाही: उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की तोच पंप, तीच वीज, पण पाटात पाणी कमी पडते. फिश टँकच्या पंपाचेही तसेच आहे. पाणी जितके उंच चढवावे लागते, तितका प्रवाह घटतो, आणि एका उंचीला तो शून्य होतो. ती उंची खोक्यावर 'कमाल हेड' म्हणून छापलेली असते. ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा आणि हेडचा आकडा शून्य प्रवाहाचा. पंपाचे आपल्या घरातले आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी जाते.

उंची मोजताना सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजावे. रिटर्नचे तोंड पाण्याबाहेर असेल तर त्या तोंडापर्यंत मोजावे. पंप सम्पच्या तळाशी आहे म्हणून तळापासून मोजण्याची गरज नाही. तीन फुटांच्या स्टँडवर आपली टाकी असेल तर हे अंतर साधारण १.२ मीटर भरते. त्यात नळीच्या घर्षणाची भर पडते, आणि नेमके येथेच लोक फसतात. ताशी ३००० लिटर पाणी दोन मीटर नळी, तीन एल्बो आणि एक बॉल व्हॉल्व्ह यांतून न्यायचे असेल, तर नळीचा आतला व्यास ३२ मिलिमीटर असताना घर्षणात सुमारे ३० सेंटिमीटर उंचीइतका जोर खर्च होतो. आतला व्यास २५ मिलिमीटर असेल तर हाच खर्च जवळजवळ ९० सेंटिमीटर होतो, आणि २० मिलिमीटर असेल तर दोन मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे अरुंद नळी लावून आपण टाकी जणू आणखी एक मजला वर नेऊन ठेवतो. शिवाय शेतीची पीव्हीसी नळी बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते, त्यामुळे ३२ ची म्हणून आणलेली नळी आतून त्याहून बारीक असते. दुकानात नळीच्या तोंडाशी पट्टी धरून आतले माप घेण्यात संकोच करू नये. माझ्या मते या टाकीला ४० मिलिमीटरची शेतीची नळी घेणे सर्वांत चांगले. खर्चात फरक थोडा पडतो आणि प्रवाहात मोठा. एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड मिळाला तर तो घ्यावा. पंपाचे तोंड २५ चे असले तरी तेथेच रिड्यूसर लावून पुढची नळी मोठी करता येते.

३२ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी धरली, तर एकूण हेड १.२ अधिक ०.३, म्हणजे १.५ मीटर झाले. आता समोर दोन पंप आहेत असे समजा. एकाच्या खोक्यावर ताशी ६००० लिटर आणि कमाल हेड २.५ मीटर आहे. दुसऱ्यावर ५००० लिटर आणि ४ मीटर. बहुतेक जण पहिला उचलतील. पण दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढून हिशेब केला, तर पहिल्याच्या हेडपैकी ६० टक्के उंचीतच संपतात आणि २४०० लिटर उरतात. दुसऱ्याच्या हेडपैकी ३७.५ टक्के जातात आणि ३१२५ लिटर मिळतात. म्हणजे ३००० लिटरची गरज असलेल्या या टाकीला खोक्यावर लहान दिसणारा पंपच पुरा पडतो. खऱ्या पंपाचा आलेख सरळ रेघेपेक्षा सहसा थोडा वर फुगलेला असतो, त्यामुळे सरळ रेघेचा हिशेब जरा सावध बाजूला राहतो, आणि स्पंज भरत गेल्यावर तोच सावधपणा उपयोगी पडतो. चांगल्या पंपासोबत हेड आणि प्रवाह यांचा आलेख छापलेला असतो. तो असेल तर १.५ मीटरवर बोट ठेवून आकडा थेट वाचावा. ज्या खोक्यावर हेडच दिलेले नाही, तो पंप रिटर्नसाठी घेऊ नये.

आणखी एक बाब पाहून घ्यावी. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. साध्या एसी पंपाच्या फिरण्याचा वेग हर्ट्झवर अवलंबून असतो, म्हणून ६० हर्ट्झसाठी छापलेला आकडा आपल्याकडे मिळत नाही. परदेशी माहितीपत्रकात दोन्ही रकाने असतील तर ५० हर्ट्झचा रकाना वाचावा.

कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याच्या, फिल्टरचा हिशेब वेगळा आहे. तो बंद वर्तुळात चालतो. पाणी ज्या उंचीवरून खाली येते तेवढेच परत वर जाते, म्हणून टाकी आणि फिल्टर यांच्यातली उंची त्याला भारी पडत नाही. मात्र आतल्या रिंगा, स्पंज आणि कापूस यांचा अडथळा मोठा असतो आणि तो आठवड्यागणिक वाढत जातो. म्हणून कॅनिस्टर निवडताना खोक्यावरचा आकडा टाकीच्या आठ-दहा पट धरावा, म्हणजे प्रत्यक्षात पाचाच्या आसपास फेरे मिळतात. ६०० लिटरसाठी एकच प्रचंड कॅनिस्टर घेण्यापेक्षा दोन मध्यम आकाराचे घ्यावेत आणि ते आलटून पालटून धुवावेत. एक धुताना दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतात.

रिटर्न पंपाबाबतही माझा कौल दोन पंपांकडे आहे. ३००० लिटर एका पंपातून मिळवण्यापेक्षा १५००-१५०० लिटर देणारे दोन पंप, प्रत्येकाची नळी वेगळी आणि तोंडे टाकीच्या दोन टोकांना, अशी रचना केली की पाणी सारखे फिरते आणि एक पंप अडकला तरी दुसऱ्यावर मासे तगून राहतात. एकाच नळीत दोन पंप जोडू नयेत. एक बंद पडला की दुसऱ्याचे पाणी त्याच्यातून उलटे सम्पमध्ये उतरते.

वीज गेल्यावर पाणी कोठे जाते

पंप थांबला की रिटर्नची पाण्यात बुडलेली नळी सायफन होते आणि वरच्या टाकीचे पाणी उलटे खाली येऊ लागते. आपल्या टाकीत पातळी केवळ अडीच सेंटिमीटर उतरली तरी २६ लिटर पाणी सम्पमध्ये येते, पाच सेंटिमीटर उतरली तर ५२ लिटर, आणि नळ्यांतले पाणी वेगळे. तेवढी जागा सम्पमध्ये पंप चालू असतानाही रिकामी असली पाहिजे. सायफन तोडण्यासाठी रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाच-सहा मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि ते शेवाळाने बुजू देऊ नये. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायला हरकत नाही, पण त्यात एखादा शंख किंवा पान अडकले की तो उघडाच राहतो, म्हणून त्याच्या भरवशावर सम्प काठोकाठ भरू नये. खाली उतरणारी नळी नेहमी रिटर्नपेक्षा मोठी असावी आणि तिच्या जोडीला थोड्या उंचीवर दुसरी, एरवी कोरडी राहणारी, आपत्कालीन नळी असावी. प्रवाह कमी करायचा असेल तर पंपाच्या पुढच्या नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करावा. ओढीच्या बाजूला अडथळा करणे पंपाला घातक असते.

साधे एसी पंप व्होल्टेज फार उतरले की नुसते गुंजारव करतात आणि इम्पेलर, म्हणजे आतले फिरते पाते, फिरत नाही, आणि रात्री हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या गावांत व्होल्टेज नेहमी दबलेले असते तेथे डीसी पंप घ्यावा. त्याचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो आणि पंपाला सारखाच पुरवठा देतो. इन्व्हर्टरवर एसी पंप चालवायचा असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हे पंप घरघरतात आणि तापतात. पूर्ण ताकदीचा रिटर्न पंप बॅटरीवर चालवण्याची गरज नसते. वीज नसताना माशांना फिल्टरपेक्षा प्राणवायू आधी लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर टाकीत कायम असावा. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर तो थांबल्यावर नळीतून पाणी त्याच्यात शिरते. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर तो तसाच चालू करू नये. बंद डब्यातला प्राणवायू संपून आतले जिवाणू मरू लागतात आणि पाणी सडके होते. डबा उघडून ते पाणी फेकून द्यावे, आतले साहित्य टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्यावे आणि मगच पंप सुरू करावा.

या सर्व जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) आणि नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच घ्याव्यात. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. यात कोणतीही सवलत नाही.

उन्हाळ्यासाठी निवड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद घरातल्या टाकीचे पाणीही तापते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना ६.९. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. झाडांच्या टाकीत रात्रभर झाडेही प्राणवायू घेतात, म्हणून सर्वांत बिकट वेळ पहाटेची असते. मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड काढून दिसले, तर रिटर्नचे तोंड किंचित वर वळवून पाण्याचा पृष्ठभाग मोडावा. हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो तो मुख्यतः याच हलत्या पृष्ठभागातून. उन्हाळ्यात पृष्ठभाग हलता ठेवणे हे फेऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठे काम आहे.

पाण्यात बुडवलेला पंप जेवढे वॅट खातो ते सर्व शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात मिसळतात. १.५ मीटरवर ३००० लिटर देणारा साधा एसी पंप ८० ते १०० वॅटचा असतो, तर त्याच कामाचा डीसी पंप ४०-५० वॅटमध्ये भागवतो. ९० वॅटच्या पंपाची उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर ६०० लिटर पाणी चोवीस तासांत तीन अंशांनी तापेल. ४५ वॅटच्या पंपाने दीड अंशाने. प्रत्यक्षात काही उष्णता काचेतून आणि बाष्पीभवनातून निघून जाते, पण खान्देशात मे महिन्यात ती जायला जागाच कमी उरते, म्हणून हा दीड अंश मोलाचा आहे. विजेचा हिशेब पाहिला तरी ४५ वॅट वाचले की महिन्याला ३२ युनिट वाचतात. डीसी पंप घेताना महाग वाटतो, पण वर्षभर अखंड चालणाऱ्या यंत्राची किंमत बिलासह मोजावी. आपल्या हवेत मी मोठ्या टाकीला डीसी पंपच सुचवेन.

घरोघरी असलेल्या कूलरचा पंप काढून टाकीत घालण्याचा मोह टाळावा. तो काही महिन्यांच्या हंगामासाठी आणि कूलरच्या पाण्यासाठी केलेला असतो. वर्षभर बुडून राहण्याच्या आणि जिवंत प्राण्यांच्या पाण्यात असण्याच्या हिशेबाने त्याचे इन्सुलेशन केलेले नसते. मात्र कूलरचा एक भाग टाकीच्या फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे त्याचा फ्लोट व्हॉल्व्ह. सम्पच्या टाकीत बाष्पीभवनाची सर्व घट शेवटच्या, म्हणजे पंपाच्या, कप्प्यात दिसते. तो कप्पा ३० बाय ४० सेंटिमीटरचा असेल आणि दिवसाला सहा लिटर पाणी उडाले, तर पातळी पाच सेंटिमीटर उतरते. दोन दिवस घरी कोणी नसेल तर पंप हवा ओढू लागतो आणि कोरडा चालून जळतो. उंचावर ठेवलेल्या छोट्या टाकीतून या फ्लोट व्हॉल्व्हमार्गे पाणी दिले की पातळी आपोआप टिकते. ही भरणी टाकी नळाला थेट जोडू नये. व्हॉल्व्ह अडकला तर किती पाणी आत यावे याला मर्यादा हवी, आणि अनेक गावांत नळाला पाणी रोज येतही नाही.

बाष्पीभवनाचा त्रास वाटला तरी तेच आपले थंडीचे यंत्र आहे. एक लिटर पाणी उडाले की ६०० लिटर पाण्याचे तापमान जवळपास एक अंशाने उतरते. खान्देशातली उन्हाळी हवा कोरडी असल्याने टाकीच्या तोंडावर तिरपा लावलेला छोटा पंखा येथे चांगले काम करतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. उडते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून भरणी बोअरच्या जड पाण्याने करत राहिल्यास टाकीतले क्षार वाढत जातात. भरणीसाठी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, आणि ठरलेल्या पाणीबदलासाठी नेहमीचे, क्लोरिन घालवलेले पाणी.

बसवल्यावर मोजणी

पंप बसवून झाल्यावर मासे सोडण्याआधी प्रवाह प्रत्यक्ष मोजावा. लग्नकार्यात येतो तो २० लिटरचा पाण्याचा जार यासाठी उत्तम, कारण त्याचे माप ठरलेले असते. रिटर्नच्या तोंडाला नळीचा तुकडा जोडून तो जारमध्ये सोडावा. तोंड टाकीच्या पाण्याच्या पातळीइतकेच उंच राहील हे पाहावे, कारण नळी खाली जमिनीपर्यंत नेली तर आकडा खोटा मोठा येतो. मोबाइलवर वेळ लावावी. जार २४ सेकंदांत भरला तर प्रवाह ताशी ३००० लिटर आहे. ३० सेकंद लागले तर २४०० लिटर, आणि ३६ लागले तर २०००. रिटर्न दोन असतील तर प्रत्येक वेगळा मोजून बेरीज करावी. मोजणी चालू असताना सम्पमधले पाणी कमी होते, म्हणून जार भरताच नळी परत टाकीत वळवावी.

नंतर खाद्याची एक चिमूट चुरडून पाण्यात सोडावी आणि कण कोठे वाहतात ते शांतपणे पाहावे. कण फिरून फिरून ओव्हरफ्लोकडे, म्हणजे खाली उतरणाऱ्या नळीच्या तोंडाकडे, गेले तर रचना बरोबर आहे. ते एखाद्या कोपऱ्यात गोल फिरत तळाला बसत असतील तर रिटर्नच्या तोंडाची दिशा थोडी बदलावी, आणि तरीही बसले तर तेथे वेव्ह मेकर लावावा.

जारचा आकडा कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवावा आणि दर महिन्याला पुन्हा मोजावा. प्रवाह चौथ्या हिश्शाने घटला की आधी कापूस आणि स्पंज धुवावेत. तरीही सुधारला नाही तर पंप उघडावा. जड पाण्याच्या गावांत इम्पेलरच्या चुंबकावर आणि सिरॅमिकच्या दांडीवर पांढरा, खरखरीत क्षार धरतो. बोट फिरवले की तो हाताला लागतो. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, विरघळवून हे भाग त्यात तासभर बुडवून ठेवावेत, जुन्या टूथब्रशने घासावेत आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन बसवावेत. दांडी सिरॅमिकची असल्याने ती पडली की तुटते, म्हणून हे काम ताटात किंवा टबात करावे. पंप घेतानाच त्याचा इम्पेलर आणि दांडी सुटी मिळते का हे दुकानदाराला विचारून घ्यावे, आणि मिळत असेल तर एक जोडी त्याच दिवशी घरी आणून ठेवावी.